पाणी घालू नका, बाबा

माणदेशात वाढलेल्या माणसाला झाडाला पाणी घालू नकोस असं सांगणं म्हणजे दारी आलेल्याला उपाशी परत पाठव म्हणण्यासारखं आहे. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा आई फेकत नसे. ते परसातल्या लिंबोणीला जाई. तुळशीला मात्र पिण्याच्या हंड्यातलं तांब्याभर. झाडाला पाणी घालणं हे पुण्य, याविषयी मला कधी शंका आली नाही. ती आली साठी उलटल्यावर, आणि तीही अमेरिकेत.

लेक डेन्व्हरला असते. 2019 च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा हिनं आणि लेकीनं मिळून घरापुढच्या उतारावर एक रोप लावलं. रशियन सेज त्याचं नाव. चंदेरी, कातरलेली पानं आणि चौकोनी देठ. हिनं एक पान चुरगळून हुंगलं आणि निकाल दिला, "ही आपल्या तुळशीची कुणीतरी लागते." ते खरंच होतं, दोघी एकाच कुळातल्या. ही रोज संध्याकाळी रोपाला पाणी घालायची. ऑगस्टमध्ये आम्ही निघालो तेव्हा निळे-जांभळे तुरे डोकावू लागले होते.

2021 मध्ये ही गेली. पुढच्या जूनमध्ये लेकीनं मला एकट्याला बोलावून घेतलं. झाड गुडघ्याएवढं झालं होतं. मी हिचं काम हाती घेतलं. लेक ऑफिसला गेली की सकाळी पाणी, संध्याकाळी पुन्हा थोडं. वर बुडाशी खतही घातलं. जुलैअखेर झाड कमरेपर्यंत वाढलं आणि एके दिवशी चहूबाजूंनी पसरून आडवं झालं. मी काठ्या रोवल्या, सुतळीनं बांधलं, पाणी वाढवलं.

सुट्टीच्या दिवशी लेकीनं ते पाहिलं. "बाबा, पाणी घालू नका. ते पाण्यानंच पडलंय."

मला राग आला. "तुझी आई रोज घालत होती."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "ते पहिलं वर्ष होतं, बाबा. मूळ धरेपर्यंत लागतं. नंतर नाही."

नाव रशियन असलं तरी हे झाड अफगाणिस्तान-बलुचिस्तानकडच्या कोरड्या, दगडाळ डोंगरांतलं. वसिली पेरोव्स्की या रशियन सेनापतीवरून 1841 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला पेरोव्स्किया म्हटलं. 2017 मध्ये ते साल्व्हियांच्या गोतात घेतलं गेलं. पानांवरची बारीक पांढुरकी लव ऊन परतवते, म्हणून ते चंदेरी दिसतं. भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी हलकी जमीन, एवढंच त्याचं मागणं. सावली, खत आणि जास्त पाणी मिळालं की फांद्या लुसलुशीत होतात आणि स्वतःचा भार पेलत नाहीत. मुळाशी पाणी साचलं तर कुजतंच.

डेन्व्हरचा पाऊस वर्षाला जेमतेम 35 ते 40 सेंटीमीटर, म्हणजे आमच्या माणदेशाहूनही कमी. कमी पाण्याच्या बागेसाठी 'झेरिस्केप' हा शब्द 1981 मध्ये तिथल्याच पाणीपुरवठा खात्यानं काढला. असल्या बागांत हे झाड हमखास दिसतं. हरणं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मधमाश्या मात्र सोडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे लावावं का? आपल्या पावसाळ्यात ते टिकणं कठीण. आपल्या रोपवाटिकांत हिवाळ्यात निळा साल्व्हिया मिळतो तो निराळा. तो मूळचा टेक्सास-मेक्सिकोकडचा. निळ्या तुऱ्यांची हौस त्यावर भागवावी.

त्या वर्षी झाड उठलं नाही. फुललं, पण आडवंच. मी काठ्या काढल्या नाहीत, नळीला मात्र हात लावला नाही. रोज संध्याकाळी तिथं नुसता उभा राहायचो.

2023 च्या एप्रिलमध्ये लेकीचा फोन आला. "बाबा, आज आईचं झाड वीतभर ठेवून कापलं." काळजात धस्स झालं. वसंतात ते तसंच कापायचं असतं, हे ऐकूनही रात्री झोप लागली नाही.

ऑगस्टमध्ये फोटो आला. झाड कमरेएवढं, ताठ, निळ्या तुऱ्यांनी भरलेलं. काठ्या नाहीत, सुतळी नाही.

"पाणी किती घातलंस?" मी विचारलं.

"नाहीच घातलं."

"बरं केलंस," मी म्हणालो.