अर्ध्या भाकरीचा चढ

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. समजा, थंडीच्या दिवसांत एका सकाळी तुम्ही तेथून सायकलने यवतमाळला जाऊन संध्याकाळी परत यायचे ठरवले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी आणि तूर. मधूनमधून पळस आणि सागाची झाडी. सुरुवातीला सायकल आपोआप पळत असल्यासारखी वाटते. पण यवतमाळ वसले आहे पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटर उंचीवर. त्यामुळे केव्हातरी चढ लागतोच. चढ लागला की पाय भरून येतात, धाप लागते. घरी आल्यावर तुम्ही म्हणता, "सगळी शक्ती चढानेच खाल्ली!"

हे खरे आहे का? हिशेब करून पाहू.

तुमचे वजन 50 किलोग्रॅम, सायकल 20 आणि सामान 10, असे एकूण 80 किलोग्रॅम धरू. जाऊन-येऊन अंतर 60 किलोमीटर आणि एकूण चढ 150 मीटर धरू. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला 80 × 9.8 × 150, म्हणजे सुमारे 1 लाख 18 हजार ज्यूल कार्य करावे लागते. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यासाठी वापरू शकतात. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. म्हणून अन्न चौपट लागते, म्हणजे सुमारे 110 किलोकॅलरी. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून साधारण 200 किलोकॅलरी मिळतात. सारा चढ अर्ध्या भाकरीत संपला!

आता सपाट रस्ता पाहा. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाताना हवेचा आणि टायरांचा मिळून सुमारे 13 न्यूटन विरोध होतो. साठ किलोमीटरांत हे कार्य 7 लाख 80 हजार ज्यूल होते. त्यासाठी सुमारे 750 किलोकॅलरी, म्हणजे पावणेचार भाकरी लागतात. तेव्हा शक्ती खाल्ली ती मुख्यतः सपाट रस्त्याने! मग पाय चढावरच का भरून येतात?

जोराचा प्रश्न

कारण चढ जास्त ऊर्जा मागत नाही, तो एकदम जोर मागतो. शंभर मीटर अंतरात 5 मीटर उंची गाठणारा चढ घ्या. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला बहुधा 44 आणि मागच्या चक्राला 18 दाते असतात. पॅडलचा एक फेरा झाला की सायकल सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. म्हणजे एका पायाच्या एका दाबात ती 2.7 मीटर पुढे आणि 13 सेंटिमीटरहून थोडी अधिक वर जाते. तेवढ्यात तुमचे पाऊल फक्त 34 सेंटिमीटर खाली येते. यासाठी पॅडलवर सरासरी 38 किलोग्रॅम वजनाएवढा जोर द्यावा लागतो. चढ शंभरात 7 मीटर झाला, तर हा जोर 50 किलोग्रॅमवर जातो. हे तर तुमचे सगळे वजन झाले! तुम्ही पॅडलवर उभे राहता आणि सायकल कशीबशी सरकते.

गियरची सायकल असेल आणि पुढे-मागे सारखेच दाते असलेली जोडी निवडली, तर एका दाबात सायकल केवळ 1.1 मीटर पुढे जाते. शंभरात 5 च्या चढावर मग 15 किलोग्रॅमचा जोर पुरतो. फेरे मात्र जवळजवळ अडीचपट मारावे लागतात. कार्य तेवढेच राहते, फक्त ते लहान हप्त्यांनी फेडले जाते. फ्रान्समधील प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीत चालत्या सायकलीवर साखळी बदलणाऱ्या गियरला 1937 पर्यंत परवानगी नव्हती. त्याआधी स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवत.

पण तुमच्याजवळ गियर नसेल तर? खाली उतरा आणि चाला. एका पावलात तुम्ही सुमारे 60 सेंटिमीटर पुढे आणि केवळ 3 सेंटिमीटर वर जाता. उतरून चालणे हाही एक गियरच आहे, आणि तो सर्वांत हलका! त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

घाम आणि उतार

चढावर आणखी एक गोष्ट घडते. सपाटीवर सायकलीच्या वेगामुळे अंगाला वारा लागतो, घाम वाळतो आणि शरीर थंड राहते. चढावर वेग ताशी 5-6 किलोमीटरांवर येतो. वारा पाठीमागून असेल तर तो जाणवतही नाही. स्नायूंतली उष्णता मात्र वाढलेली असते. घाम न वाळता नुसता निथळतो. म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात अशी सहल करूच नये. थंडीतही पहाटे निघावे, तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे आणि भुकेआधीच गूळ-शेंगदाणे खावेत. डोके दुखू लागले किंवा गरगरले तर सावलीत थांबावे.

परतताना उतार लागतो. चढताना साठवलेली 1 लाख 18 हजार ज्यूल ऊर्जा आता बाहेर पडते. तिने दीड पेला पाणी उकळीपर्यंत तापेल! ही सारी उष्णता हवेत, टायरांत आणि ब्रेकच्या रबरांत जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करा, वळणावर नव्हे. आणि निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासा.

करून पाहा

तुमच्या सायकलीचे दाते मोजा. चाकाचा परीघ दोरीने मापा. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून परिघाने गुणा. एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळेल. मग खडूच्या खुणा करून हे उत्तर रस्त्यावर पडताळा.

मित्रहो, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन तरुण ऑक्टोबर 1923 मध्ये मुंबईहून सायकलीने निघाले आणि जगप्रदक्षिणा करून मार्च 1928 मध्ये परतले. ते सुमारे 71 हजार किलोमीटर फिरले. मुक्कामाचे दिवस धरून भागाकार केला, तर दिवसाला सरासरी 44 किलोमीटर पडतात. आपली बोरी अरबची सहल त्याहून मोठी आहे! जोर थोडा पण सतत, हेच लांबच्या प्रवासाचे गणित आहे.