फर्म्यामागे किती?

बारामती म्हटले की लोकांना मोरोपंत आठवतात. मला मात्र आठवते ती एस. टी. स्टँडवरची ओली छत्री आणि तिच्याखाली जपलेली प्रुफे! मी इंदापूरची. बारामतीच्या एका छापखान्याची प्रुफे घरी तपासायची आणि भवानीनगरवरून जाणारी गाडी धरून पोचवायची, हा क्रम बारा वर्षे चालला. सोळा पानांचा एक फर्मा. त्यामागे मिळेल ते मुकाट्याने घ्यायचे. "बाई, घरबसल्या आणखी काय हवे?" असे मालक म्हणत, आणि मलाही ते पटे.

एकदा गाडी चुकली. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंच्या पिशवीतूनही प्रुफेच डोकावत होती! बोलता बोलता कळले, छापखाना तोच, काम तेच. पण त्यांना माझ्या दीडपट दर. कारण? त्यांनी एकदा मागितला होता, एवढेच.

त्या रात्री मला झोप आली नाही. मालकांपेक्षा स्वतःचाच राग अधिक आला.

पुढे दोघींच्या आम्ही पाच जणी झालो. एक अक्षरजुळणी करणारी, एक चित्रे काढणारी, एक शाळाशाळांतून पुस्तके विकणारी. महिन्यातून एकदा जमायचे. कोण काय दर देतो, कोण पैसे थकवतो, ते वहीत उतरवायचे. आमची संस्था म्हणजे ती वही!

हा शोध काही आमचा नव्हे. लंडनच्या प्रकाशनक्षेत्रातल्या बायकांनी १९७९ सालीच आपली संघटना काढली. पुण्यात विद्या बाळांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले. नावातच सारे आले, नाही का? त्याआधी? तानूबाई बिर्जे यांनी पतीमागे 'दीनबंधू'चे संपादन पेलले. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले, तेव्हा त्याच्या लेखिकेला 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाआड राहावे लागले. बाई एकटीने पुष्कळ करू शकते. पण बाजारातला दर तिला एकटीला कळत नाही.

शेवटी मी मालकांपुढे उभी राहिले आणि दर सांगितला. माझे काम बंद झाले! माझे फर्मे त्यांनी शेजारच्या बाकावरच्या त्या बाईंकडे धाडले. त्यांनी ते परत पाठवले. घरात दोन महिने ओढाताण झाली. तिसऱ्या महिन्यात मालकांचा निरोप आला.

दर वाढला. शिवाय पुढच्या पुस्तकात 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे माझे नाव आले. बारा वर्षांत पहिल्यांदाच! खरे सांगते, ते एवढेसे प्रूफ मी चार वेळा वाचले.