ट्रॅक्टर ऑटोजायरोची घरगुती प्रतिकृती : रूप जुने, रोटर नवा

प्रस्तावना

विमान व हेलिकॉप्टर यांच्या मधल्या काळात ऑटोजायरो हे वाहन जन्मास आले. आज त्याचे वंशज हौशी वैमानिकांच्या हाती दिसतात; परंतु त्यांपैकी बहुतेकांत इंजिन वैमानिकाच्या पाठीशी असते. १९२० व १९३० च्या दशकांतील मूळ यंत्रांत ते नाकावर असून प्रोपेलर संपूर्ण यंत्रास पुढे ओढत असे. या मांडणीस ‘ट्रॅक्टर’ म्हणतात. शेतीच्या ट्रॅक्टरशी तिचे नाते एवढेच, की ओढणे हा दोहोंचा धर्म आहे. पाश्चात्त्य देशांतील काही हौशी कारागीर अशा जुन्या यंत्राची प्रतिकृती स्वतःच बांधतात. प्रस्तुत लेखात ‘सिएर्वा सी.३०’ हे १९३४ च्या सुमाराचे यंत्र समोर ठेवून, अशा प्रतिकृतीत मूळचे काय राखता येते व काय राखू नये, याचा विचार केला आहे.

तत्त्व व पार्श्वभूमी

ऑटोजायरोच्या माथ्यावरील रोटरला उड्डाणात इंजिनाची शक्ती मिळत नाही. प्रोपेलर यंत्रास पुढे नेतो, किंचित मागे कललेल्या रोटरमधून हवा खालून वर जाते आणि त्या प्रवाहाने पाती आपोआप फिरत राहतात. स्पेनचे अभियंते हुआन दे ला सिएर्वा यांची पहिली तीन यंत्रे या तत्त्वावरच बांधलेली असूनही अयशस्वी ठरली. पुढे जाणाऱ्या पात्यास वाऱ्याचा वेग अधिक व मागे येणाऱ्या पात्यास कमी लाभत असल्याने दोन बाजूंचे उत्थापक बल असमान होऊन यंत्र कलंडत असे. त्यांची लहान नमुनाकृती मात्र सुरळीत उडे, कारण तिची पाती लवचीक होती. या विसंगतीतूनच पाते मुळाशी बिजागरीने जोडून त्यास वर-खाली हलू देण्याची कल्पना त्यांना सुचली आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळील हेताफे येथे ‘सी.४’ यशस्वीपणे उडाले. १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये उड्डाणात पाते तुटून अपघात झाल्यानंतर पात्यास पुढे-मागे झुलू देणारी दुसरी बिजागरीही आली.

‘सी.३०’ हे या परंपरेतील परिपक्व यंत्र होय. त्यास पंख नाहीत. वैमानिक रोटरचे शीर्षच कलवून दिशा साधतो. तीन पात्यांच्या रोटरचा व्यास ३७ फूट, म्हणजे सुमारे ११.२८ मीटर, आणि नाकावर १४० अश्वशक्तीचे सात सिलिंडरांचे ‘जेनेट मेजर’ इंजिन. त्याआधीच्या अमेरिकेतील ‘पिटकेर्न पीसीए-२’ या यंत्रास आखूड पंख असून नियंत्रण त्यांवरील झडपांनी होई. मंद गतीत त्या निष्प्रभ ठरत. घरी बांधणाऱ्यास ‘सी.३०’ अधिक सोपे वाटते ते यामुळेच.

प्रमाणाचा प्रश्न

बहुतेक कारागीर मूळ आकार थोडा कमी करू पाहतात. समजा, प्रमाण ७५ टक्के ठेवले. रोटरचा व्यास ८.४६ मीटर होतो व चक्राचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौ.मी. वरून ५६ चौ.मी. वर येते. क्षेत्रफळ वर्गाने घटते, वजन घनाने. म्हणून वरकरणी लाभच दिसतो. पण वैमानिक काही ७५ टक्के होत नाही! मूळ यंत्रात प्रत्येक चौ.मी. क्षेत्रावर आठ-साडेआठ किलोग्रॅम भार असे. तोच राखायचा तर वैमानिक व इंधनासह एकूण वजन सुमारे ४५० किलोग्रॅममध्ये बसवावे लागते. पोलादी नळ्यांचा सांगाडा व त्यावर कापड ही मूळ पद्धत येथे आजही उपयुक्त आहे. इंजिनाची निवड अधिक नाजूक. हलके आधुनिक इंजिन घेतले तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि नाक लांबवावे लागून मूळ बाह्याकृती बिघडते. ऑस्ट्रेलियात तयार होणारे ‘रोटेक’ हे सात सिलिंडरांचे ११० अश्वशक्तीचे इंजिन दिसण्यात व वजनात मूळच्या जवळ जाते.

रोटरशीर्ष : अनुकरणाची मर्यादा

खरा पेच रोटरशीर्षाचा. पुढे-मागे झुलणारी तीन पाती जमिनीवर फिरत असता त्यांचे परस्परांतील अंतर विषम झाले, तर रोटरचा गुरुत्वमध्य अक्षापासून ढळतो. त्याची लय चाकांच्या व त्यांवरील स्प्रिंगांच्या डोलण्याशी जुळली की दोन्ही कंपने एकमेकांना वाढवीत जातात आणि काही सेकंदांत यंत्र मोडून पडू शकते. यास भू-अनुस्पंदन म्हणता येईल. त्यावर इलाज आहे. परंतु बिजागऱ्यांवरील अवमंदक व चाकांचे स्प्रिंग परस्परांशी जुळविण्याचे काम चाचणीची साधने असलेल्या कारखान्याचे आहे.

म्हणूनच इगोर बेन्सन यांनी १९५० च्या दशकात अमेरिकन हौशी उड्डाणात रूढ केलेला, सी-सॉसारखा एकाच आडव्या बोल्टवर डोलणारा दोन पात्यांचा रोटर प्रतिकृतीत घेणे इष्ट ठरते. त्यात पुढे-मागे झुलण्याची बिजागरीच नसल्याने हा धोका उद्भवत नाही. रॉन हेरन यांनी आर्कान्सा राज्यात विकसित केलेल्या ‘लिटल विंग’ या हौशी ट्रॅक्टर ऑटोजायरोंतही हाच मार्ग दिसतो. प्रामाणिकतेच्या नावाखाली मूळचे तीन पात्यांचे शीर्ष घरी घडविणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते इतिहासप्रेम नव्हे, अविचार आहे.

जुनी मांडणी, आजचा लाभ

इंजिनाची जागा मात्र मूळचीच राखावी, आणि ती केवळ रूपासाठी नव्हे. पाठीमागे इंजिन असलेल्या अनेक हौशी यंत्रांत प्रोपेलरच्या रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वरून जाते. रोटरवरील भार क्षणभर नाहीसा झाला की तो रेटा यंत्रास पुढच्या बाजूस उलथवितो. अशा अपघातांत अनेक वैमानिक दगावले आहेत. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी ग्लासगो विद्यापीठात झालेल्या संशोधनातही ही रेषा गुरुत्वमध्याच्या निकट असण्याचे महत्त्व अधोरेखित झाले. ट्रॅक्टर मांडणीत ती बहुधा सहजच निकट येते. शिवाय लांब शेपटी प्रोपेलरच्या झोतात राहते. तोटाही आहे : वैमानिकासमोर इंजिन व रोटरचा खांब असल्याने पुढचे दृश्य अडते.

हे सर्व कागदावर जुळले तरी बांधलेले यंत्र रोटरच्या बोल्टास टांगून, ते किती अंशांनी नाकाकडे झुकते हे वैमानिक आत बसलेला असताना मोजावेच लागते. त्यानंतर जमिनीवर धावण्याच्या चाचण्या व मग आखून दिलेल्या क्षेत्रातील चाचणी-उड्डाणे.

प्रतिकृती कोणास म्हणावे?

रोटर बदलला, इंजिन बदलले, आकार घटला; मग हे ‘सी.३०’ कसे, असा आक्षेप येईल. संग्रहालयाच्या दृष्टीने तो रास्त आहे. अमेरिकेच्या हवाई नियमांनी मात्र वेगळी कसोटी लावली आहे. ज्या हौशी यंत्राची बाह्य रचना किमान ३० वर्षांपूर्वी बांधलेल्या यंत्रासारखीच आहे, त्यास नोंदणीची अक्षरे जुन्या यंत्रांप्रमाणे लहान, दोन इंच उंचीची, रंगविण्याची सवलत मिळते. आतील यंत्रणेविषयी ही सवलत काही विचारत नाही. हौशी बांधणीचा दाखला मात्र बहुतांश काम स्वतः केल्याचे दाखविल्यावरच मिळतो, आणि यंत्रावरील धातूच्या पट्टीवर निर्माता म्हणून सिएर्वांचे नव्हे, त्या कारागिराचेच नाव कोरावे लागते.