बोर्डिंग बांधावे की दिवसाचे केंद्र चालवावे?



गेल्या तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत बऱ्याच मंडळ्यांनी एकच गोष्ट विचारली आहे : "मतिमंद मुलांसाठी एक मोठे बोर्डिंग का बांधत नाही? खोल्यांचा खर्च आम्ही उचलू." या विचारण्यामागचे प्रेम मी जाणते. आपल्या मिशनची ओळखच बोर्डिंग, दवाखाना आणि शाळा यांनी झाली. तुमच्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा बोर्डिंगात राहूनच शिकले. म्हणून सातपुड्यात आम्ही हे काम कसे करतो ते नीट सांगते.

आधी शब्दाविषयी. 'मतिमंद' हा शब्द अजून सर्वांच्या तोंडी आहे, पण 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द घेतला आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत काहींना ही अक्षमता असते, काहींना स्वमग्नता, काहींना सेरेब्रल पाल्सी, तर काहींना डाऊन सिंड्रोम. हे वेड नव्हे आणि गोळीने बरे होणारे दुखणेही नव्हे. बाळ जन्मताच रडले नाही, पहिल्या आठवड्यात कावीळ फार वाढली, ताप मेंदूत गेला, अशी कारणे अनेकदा सापडतात. डाऊन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जास्त असते. पुष्कळदा मात्र कारण सापडतच नाही. मग घरचे भगताकडे जातात. त्यांना नावे ठेवण्याची आपल्याला घाई असते, पण "कोणाच्या पापामुळे?" हा प्रश्न योहानाच्या नवव्या अध्यायात खुद्द शिष्यांनीच विचारला होता. आपल्या उपासनेनंतरही तो कुजबुजत विचारला जातो आणि त्या आईला तो ऐकू जातो.

दिवसाच्या केंद्रात मूल सकाळी येते आणि संध्याकाळी घरी जाते. येथे पाटी-पेन्सिलीला दुय्यम जागा आहे. स्वतःच्या हाताने जेवणे, संडासला जायचे आहे हे सांगता येणे, कपड्याची बटणे लावणे, दहाची नोट आणि वीसची नोट वेगळी ओळखणे, हा खरा अभ्यास. मोठ्या मुलामुलींना शेळ्या सांभाळणे, भाकरी थापणे, शेंगा फोडणे अशी कामे देतो, कारण घरी तीच कामे असतात आणि त्यांमुळे घरात त्यांची किंमत वाढते. ज्यांचे हातपाय आखडलेले आहेत त्यांना व्यायाम देतो आणि तो आईलाही शिकवतो. आठवड्यातून एकदा आमच्याकडे केलेला व्यायाम पुरत नाही. आईने रोज केलेला पुरतो.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनाही उशिरा कळते. मूल घरी पावरी किंवा भिली बोलते आणि त्याची चाचणी होते मराठीत. "पंखा दाखव" म्हटल्यावर ते गप्प बसते. त्याच्या घरात वीजच नसेल तर ते पंखा कुठला दाखवणार? त्याच्या बोलीत "कोंबडी कुठे आहे?" विचारा, ते बोट दाखवील. म्हणून आमच्या काळजीवाहक भगिनी त्याच पाड्यांवरच्या आहेत. पदवी कमी असली तरी भाषा त्यांना येते.

अडचण अंतराची आहे. सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, डोंगराच्या उतारावर. जीप जाते तिथपर्यंतचीच मुले रोज येऊ शकतात, आणि पावसाळ्यात तीही नाही. उरलेल्यांच्या घरी आम्हीच जातो.

"म्हणूनच तर बोर्डिंग हवे," असे तुम्ही म्हणाल. पण त्याच 2016 च्या कायद्याच्या नवव्या कलमात म्हटले आहे की केवळ दिव्यांग आहे म्हणून मुलाला आईबापांपासून वेगळे करता येणार नाही. मुलाच्या हितासाठी सक्षम न्यायालयाने आदेश दिला तरच. आईबाप सांभाळू शकत नसतील तर आधी जवळचे नातेवाईक, ते नसतील तर समाजातच कुटुंबासारखी व्यवस्था, आणि निवारागृह अपवाद म्हणून. मला हा क्रम बरोबर वाटतो. बोलता न येणाऱ्या मुलाची खूण आईला कळते. चाळीस मुलांच्या खोलीत ती कोणाला कळणार?

बंद दाराआड काय होऊ शकते हेही आपण विसरू नये. 1994 मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशये काढली गेली आणि कारण दिले गेले मासिक पाळीच्या स्वच्छतेचे. त्यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला. त्या मुलींना कोणी विचारलेही नव्हते.

तरीही राहण्याची सोय लागतेच. पहिली गरज हंगामी आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. चालता न येणाऱ्या मुलाला फडावर नेले तर ते दिवसभर कोपीत पडून राहते. मागे ठेवले तर ते आणि म्हातारी आजी, दोघेच. दुसरी गरज थोड्या दिवसांची : आई बाळंत झाली, घरात कोणी दगावले, किंवा आई नुसती थकली. राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेमागे हाच विचार होता. तिसरी गरज मोठ्या माणसांची. आईबाप गेले, भाऊ वेगळा निघाला, अशा प्रौढांसाठी सात-आठ जणांचे, गावातच असलेले, चुलीभोवती बसता येईल असे घर हवे. न्यासाची 'घरौंदा' योजना अशा प्रौढांसाठीच निघाली होती.

पैशापेक्षा कागद मोठे काम करतात, हे देणगीदारांना सांगणे जरा विचित्र वाटेल, पण खरे आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असले की 'निरामय' योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. एवढ्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या दोन-तीन खेपा होतात. मजुरी बुडते, म्हणून बाप जात नाही. जीपभाडे आणि त्या दिवसाची मजुरी एवढे दिले तर एका मुलाचे प्रमाणपत्र होते.

जमिनीचाही प्रश्न आहे. 18 वर्षे पूर्ण झाली की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बाप वारल्यावर वनपट्ट्यावर वारसांची नावे लावताना "त्याला काय कळते?" म्हणून बौद्धिक अक्षमता असलेल्या भावाचे नाव गाळले जाते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमू शकते. अशा पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब. दोन्ही पायांनी अधू झालेल्या मफीबोशेथाला दावीदाने आपल्या मेजावर बसवले हे आपण रविवारच्या शाळेत शिकवतो. पण त्याच बोलण्यात दावीदाने त्याला आजोबा शौलाची जमीन परत दिली होती आणि ती कसायला सीबाला नेमले होते. पुढे त्याच सीबाने धन्याविषयी खोटे सांगितले. हिशेबाची अट किती जरुरीची आहे ते यावरून कळावे.

तेव्हा मंडळ्यांनी देऊ केलेला निधी मोठ्या इमारतीत न घालता आम्ही तो जीपसाठी, प्रमाणपत्रांच्या खेपांसाठी आणि दिवसाच्या केंद्राला लागून दोन खोल्यांसाठी मागत आहोत. त्या खोल्या येत्या दिवाळीआधी तयार व्हायला हव्यात, कारण भाऊबीज झाली की मुकादमाचे ट्रक येतात. रात्री राहू शकतील अशा दोन भगिनीही हव्या आहेत. पावरी येणाऱ्या असाव्यात आणि शक्यतो स्वतः आई असलेल्या. तुमच्या मंडळीत अशी कोणी असेल तर पाळकांच्या पत्रासह कळवावे.