न दिसलेल्या ग्रहणाची नोंद

असिरियाचा राजा एसारहद्दोन (इ.स.पू. ६८१ ते ६६९) याच्या पदरच्या ज्योतिषांनी मातीच्या पाट्यांवर लिहिलेली पत्रे निनेव्हेच्या उत्खननात सापडली. त्यांतली बरीच ग्रहणाच्या धास्तीने भरलेली आहेत. चंद्रबिंबाचा कोणता भाग काळवंडला, यावरून कोणत्या देशाचा राजा मरणार ते ठरायचे. ग्रहणकाळी आकाशात गुरू दिसला तर राजा वाचला म्हणायचे. नाहीतर तोडगा होता बदली राजाचा. कुणाला तरी फार तर शंभर दिवस सिंहासनावर बसवायचे, अरिष्ट त्याच्या माथी घालायचे आणि त्याला मारून टाकायचे. खरा राजा तोवर अज्ञातवासात. पत्रांत त्याला ‘शेतकरी’ म्हणत.

असल्या दरबारात ग्रहण अवचित येऊन चालणार नव्हते. म्हणूनच या ज्योतिषांची भाकिते आजच्या पंचांगाच्या मापाने तोलू नयेत. ग्रहण ‘होईल’ यापेक्षा ‘होऊ शकेल’ आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘होणारच नाही’, हे सांगणे त्यांचे काम होते. दोन ग्रहणसंभवांत साधारण सहा, कधी पाच चांद्रमास जातात, हे जुन्या नोंदींतून कळत होते. पुढे बाबिलोनच्या ज्योतिषांनी २२३ चांद्रमासांचे, म्हणजे सुमारे अठरा वर्षे अकरा दिवसांचे चक्र बसवले. त्यात चंद्रग्रहणाच्या जागा ३८. उरलेल्या १८५ पौर्णिमा बिनघोर. यावर कुणी म्हणेल, ‘होऊ शकेल’ म्हणणारा कधी खोटा पडत नाही, ही पळवाटच झाली. पण पळवाट शोधणारे चुकलेले भाकीत दडपतात. बाबिलोनच्या नोंदींत वर्तवलेले, पण न दिसलेले ग्रहणही वेळेसह लिहून ठेवलेले आढळते. आभाळ भरलेले असेल तर असुर, बाबिलोन, निप्पुर, उरुक, बोरसिप्पा येथून खबर मागवावी, असा सल्लाही दरबारी पत्रव्यवहारात आहे. सूर्यग्रहणापुढे मात्र त्यांचे हात टेकले. त्या चक्राला वर आठेक तासांचे शेपूट आहे. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि सावलीचा अरुंद पट्टा भलतीकडेच पडतो. आपल्या पंचांगातला ‘भारतात दिसणार नाही’ हा शेरा साधा वाटतो, पण त्यामागे लंबनाचे, म्हणजे बघणाऱ्याच्या जागेनुसार चंद्र सरकलेला दिसण्याचे, गणित लागते. ते त्यांच्याजवळ नव्हते.

दुसरा आक्षेप असा, की भीतीपोटी केलेल्या निरीक्षणाला शास्त्र का म्हणावे? याचे उत्तर ग्रीक ज्योतिषी टॉलेमीच्या ग्रंथात आहे. चंद्राची गती ठरवताना त्याने बाबिलोनमध्ये इ.स.पू. ७२१ च्या मार्चमध्ये दिसलेले चंद्रग्रहण आधाराला घेतले, तेही साडेआठशेहून अधिक वर्षांनी. वेळ आणि ग्रास एवढेच त्याला हवे होते. राजाचे काय झाले याची त्याने विचारपूसही केली नाही.