पाहुण्यांचाही हंगाम असतो

भाताचा हंगाम कोणता, हे अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. पाहुण्यांचा हंगाम कोणता, हे मात्र खोल्या बांधून झाल्या आणि बँकेचा पहिला हप्ता दारात आला, की मगच कळते.

भंडारदरा जलाशयाच्या काठची शेंडी, मुरशेत, मुतखेल, रतनवाडी, पांजरे, उडदावणे, घाटघर ही गावे घ्या. कुणी चार पक्क्या खोल्या काढल्या आहेत, कुणी उन्हाळ्या-हिवाळ्यात तंबू लावतो, कुणी फक्त जेवण करून देतो. जोडधंदा म्हटले की आम्ही खात्यातली माणसे गाय, कोंबडी, गांडूळखत एवढेच सांगत आलो. पाहुणा हे पीक आमच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात नव्हते. पण ते आता शेतकऱ्याच्या बांधावर उगवले आहे, तेव्हा त्याची मशागत समजून घेणे भाग आहे.

या भागातल्या अशाच एका कुटुंबाचे वर्ष जवळून पाहायला मिळाले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून देत नाही. म्हातारी आई, दोन भाऊ, दोन सुना आणि शाळेत जाणारी मुले. दोन एकर भाताची खाचरे, वर थोडे नाचणी-वरईचे वरकस, आणि पाणी दिसेल अशा उंचवट्यावर चार खोल्या.

पाणी येते आणि जाते

पहिली गोष्ट, ज्या पाण्याच्या जोरावर हा धंदा चालतो ते पाणी त्यांचे नाही. हे धरण १९२६ साली पुरे झाले ते खालच्या शेतीसाठी. साठा ११ टीएमसीच्या थोडा वर. साधारण १५ ऑगस्टच्या आगेमागे ते भरते, तेव्हा काठ हिरवागार आणि पाणी खोल्यांच्या पायाशी आल्यासारखे दिसते. त्यानंतर आवर्तने सुरू होतात. पाणी निळवंडे धरणात उतरते, तिथून संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. आपल्यापैकी जे खाली ऊस-कांदा करतात त्यांच्या दृष्टीने पाणी 'आले' म्हणजे आनंद. वरच्या माणसाला ते 'गेले' एवढेच दिसते.

मे महिन्यात काठ पार खाली जातो आणि मध्ये भेगाळलेला गाळ उघडा पडतो. ऑगस्टचा फोटो पाहून मे महिन्यात आलेला पाहुणा भांडतो. धाकट्या भावाने यावर साधा उपाय काढला आहे. आगाऊ पैसे घेण्याआधी तो त्याच दिवशी काढलेला जलाशयाचा फोटो मोबाईलवर पाठवतो. चार पाहुणे कमी होतात, पण दारात तंटा होत नाही.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. एप्रिल-मे मध्ये घरची विहीर तळ गाठते. अशा वेळी सोळा पाहुण्यांच्या आंघोळी म्हणजे घरच्या गुरांच्या तोंडचे पाणी. पावसाळ्यात इथे छपरावर पडणारे पाणी मोजायला गेले तर हिशेब थक्क करतो. हजार चौरस फूट छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस झाला तर पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडते, आणि घाटमाथ्याला याहून कितीतरी जास्त पाऊस होतो. अडचण साठवणीची आहे. खोली बांधण्याआधी टाकी किंवा प्लास्टिक अस्तराचे शेततळे बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या कुटुंबाने आधी खोल्या बांधल्या, टाकी तिसऱ्या वर्षी. मधली दोन वर्षे सुनांनी डोक्यावर पाणी वाहिले.

शौचालयाच्या खड्ड्याचेही तसेच. मार्चमध्ये खणलेला शोषखड्डा छान कोरडा दिसतो. ऑगस्टमध्ये खालून मुरमातले पाणी चढते आणि खड्डा उलटा भरतो. मग ती घाण विहिरीत नाही तर जलाशयात जाते, आणि हेच पाणी खाली शेकडो गावे पितात. खड्डा पूर्ण साठ्याच्या रेषेपासून बराच वर आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला असावा, आणि त्याची जागा भर पावसाळ्यात ठरवावी.

मृगाच्या आधीचे पंधरा दिवस

मेच्या अखेरीस वळवाचे थेंब पडले की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखू लागतात. जोराचा पाऊस लागेपर्यंत हा खेळ चालतो. मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांची रांग लागते. ज्यांनी मे महिना उपाशी काढला त्यांना हे पंधरा-वीस दिवस हात देतात.

पण काजवा कशासाठी चमकतो हे समजून घ्या. नर मादीला खूण करतो, मादी त्याला उत्तर देते. यातूनच पुढच्या वर्षीची पैदास. त्याच्या अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणजे तो शेतकऱ्याच्या कामाचाच किडा आहे. गाडीचे दिवे, बॅटऱ्या, हॉटेलचा हॅलोजन यांच्या उजेडात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. या कुटुंबाने अंगणातला मोठा दिवा काढूनच टाकला. जेवण आठच्या आत, मग अंधार. डीजे लावणाऱ्याला खोली नाही. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तेव्हा वन खात्याचे नियम आहेतच. नियमापेक्षा पोटाचा विचार केला तरी, अंधार हे इथले भांडवल आहे.

आवणी आणि शनिवार

आता खरी अडचण. रोहिणीत राबात धूळपेरणी, मृगात रोप, आणि रोप एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की आवणी. म्हणजे जुलैचा पहिला-दुसरा पंधरवडा. नेमक्या याच दिवसांत रंधा आणि आसपासचे सारे धबधबे सुरू होतात आणि शनिवार-रविवारी शहर इकडे लोटते. दोन्ही हंगाम एकमेकांच्या उरावर बसतात.

आवणी लांबली तर फुटवे कमी येतात. इंद्रायणीसारख्या वाणाला शेवटी पाण्याचा ताण बसतो, लोंब्या पोचट राहतात. आणि पाहुण्यांना नाही म्हणावे तर वर्षाची कमाई हातची जाते. सोळा माणसांचे दोन वेळचे जेवण, माणशी तीन भाकऱ्या धरा. शहाण्णव भाकऱ्या. त्या थापणारी बाई तीच, जी दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभी होती. धंद्याचा हिशेब मांडताना पुरुषमंडळी गॅस, किराणा, वीज सारे धरतात. हे कष्ट वहीत कुठेच येत नाहीत.

दुसरी गोष्ट सावडीची. काही गावांत तिला पडकई म्हणतात. तुझ्या आवणीला मी, माझ्या आवणीला तू. ज्या घरात पाहुणे असतात त्या घरची माणसे दुसऱ्याच्या खाचरात जात नाहीत. एक वर्ष चालते, दोन वर्षे चालते, मग सावडीतून नाव सुटते. त्यानंतर रोख मजुरी मोजा, तीही माणूस मिळाला तर.

या कुटुंबाने गेली काही वर्षे जे बसवले आहे ते इतरांनी पाहण्यासारखे आहे. रोप दोन टप्प्यांत टाकायचे, आठ दिवसांच्या अंतराने. त्यामुळे आवणी दोन आठवड्यांत विभागते. त्या दोन आठवड्यांत सोमवार ते शुक्रवार दुपारपर्यंत खोल्यांना कुलूप. घरची चार माणसे सावडीला जातात. शनिवार-रविवारी शेजारच्या दोन बाया रोजाने भाकऱ्यांना येतात, आणि तो रोज आधी वहीत लिहिला जातो. पाहुण्यांना हौस असेल तर दोन ओळी लावायला चिखलात उतरू देतात. त्या ओळी नंतर पुन्हा लावाव्या लागतात हा भाग वेगळा.

पावसाळ्यात चादर वाळत नाही, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. चुलीवरच्या माळ्याला दोऱ्या बांधून, प्रत्येक खाटेमागे तीन जोड ठेवून ते भागवतात. कापसाच्या गाद्यांना बुरशी धरते म्हणून त्या मे अखेर बांधून वर टाकतात. सरपण, रॉकेलऐवजी आता सोलर कंदील, सर्पदंश झाला तर गाडी कुणाची, हे सारे मृगाआधी ठरलेले असते. वीज जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही.

पाण्याजवळचा एक नियम मात्र या घरात मोडत नाही. दिवस मावळल्यावर काठावर कुणी जायचे नाही, आणि प्यालेल्या माणसाला दिवसाही नाही. काठ निसरडा, आणि जुन्या नदीपात्राकडे तळ एकदम खोल जातो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते सर्वांनी टीव्हीवर पाहिले. तरी पाहुणे ऐकत नाहीत, रागावून निघून जातात. थोरला म्हणतो, "साहेब, गेलेला पाव्हणा पुढल्या साली येतो. बुडालेला येत नाही."

सोनकीची पिवळी फुले सप्टेंबरात संपली की दिवाळीच्या सुट्टीला पुन्हा गर्दी, आणि पुन्हा तोच घोळ, कारण भाताची कापणीही तेव्हाच. हिवाळा निवांत. थंडी, शेकोटी, कळसूबाईला जाणारे तरुण, नाताळ ते ३१ डिसेंबर. फेब्रुवारीनंतर शुकशुकाट.

हप्ता बारा महिन्यांचा

आता आकडे मांडू. समजा पावसाळ्यातले बारा शनिवार-रविवार, काजव्यांचे तीन, दिवाळीचा आठवडा आणि वर्षअखेरचे आठ दिवस खोल्या पूर्ण भरल्या. म्हणजे पंचेचाळीस रात्री. हिवाळ्यातल्या आणि मे महिन्यातल्या चौतीस रात्री निम्म्या भरल्या, त्या सतरा धरा. एकूण बासष्ट. वर्षाच्या ३६५ रात्रींचा जेमतेम सहावा हिस्सा! चार खोल्यांच्या २४८ खोली-रात्री झाल्या.

दहा लाख रुपये कर्ज, बारा टक्के व्याज, दहा वर्षे मुदत असेल तर हप्ता महिन्याला सुमारे १४,३५० रुपये, वर्षाला एक लाख बहात्तर हजार. २४८ ने भागा. प्रत्येक विकल्या गेलेल्या खोलीमागे रात्रीचे सुमारे ७०० रुपये आधी बँकेचे. मग किराणा, मजुरी, वीज, दुरुस्ती. आणि हप्ता मार्चमध्येही येतो, जेव्हा दारात कुत्रे फिरकत नाही. म्हणून एका वर्षी एक खोली, घरच्या पैशातून, हीच रीत बरी. या कुटुंबाने पहिल्या दोन तशाच काढल्या. कर्ज पुढच्या दोन खोल्यांना घेतले आणि ते अजून फिटते आहे.

शिवाय २०२० विसरू नका. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि खोल्या महिनोन्‌महिने बंद पडल्या. ज्यांनी खाचरे बुजवून गाड्या लावायला जागा केली होती त्यांनी तांदूळ विकत आणला. ज्यांची कणगी भरलेली होती त्यांना निदान भाताची चिंता नव्हती. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाली तीही २०२० मध्येच. त्या बियाण्याचा इथे रोकडा उपयोग आहे. पाहुणा जाताना घरचा तांदूळ, नाचणी, करवंदाचे लोणचे मागतो, आणि व्यापाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त देतो. भारंगी, फोडशीची भाजी त्याला शहरात मिळत नाही.

तरीही घरात वाद आहेच. धाकट्याला रस्त्याकडेची दोन खाचरे सपाट करून पार्किंग आणि हिरवळ करायची आहे. गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, भांडणे होतात, त्याचेही खोटे नाही. आई म्हणते, "पाव्हणं येत्यात अन् जात्यात. फुटल्याला बांध कोण घालणार?" निर्णय अजून झालेला नाही. माझे मत विचाराल तर गावाने मिळून, ग्रामसभेच्या ठरावाने, पडीक जागेत एक वाहनतळ करावा आणि त्याचे शुल्क ग्रामपंचायतीला मिळावे. घरागणिक खाचर बुजवू नये.

कागदपत्रांचे दोन शब्द

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. ग्रामपंचायतीची नोंद, स्वयंपाकासाठी अन्न परवाना, पाहुण्यांची ओळखपत्रासह नोंदवही, या गोष्टी वेळेवर कराव्यात. धरणासाठी संपादित झालेली काठाची पट्टी जलसंपदा विभागाची आहे, तिथे तंबूही परवानगीशिवाय लावू नये.

अलीकडे शहरातून माणसे येतात, रोख रक्कम पुढे करतात आणि पाण्याकाठची जमीन साध्या कागदावर वर्षानुवर्षे घेतात. ज्याची जमीन तोच पुढे तिथे राखणदार. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, गहाण टाकायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. शंभराच्या स्टँपवर ती मिळत नाही. असा कागद कुणी समोर ठेवला तर अंगठा उठवण्याआधी तो तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, किंवा तहसील कार्यालयात नेऊन दाखवावा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे कलम पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवले तर फार बरे होईल. ती सभा आवणीच्या आठवड्यात मात्र ठेवू नये.