हिरव्या सुयांआडचं दुखणं

पनवेलजवळच्या करंजाड्यात देवदार शोधून सापडणार नाही. सोसायटीच्या दारातल्या कुंडीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून दिसतो तो अराउकारिया, मूळचा नॉरफोक बेटावरचा. पण एक्स्प्रेस वेनं घाट चढून गेलं की पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे; ती सुरू झाली १९६२ साली. देवदारासारख्या हिमालयातल्या सूचीपर्णी झाडांनी काय सोसलं, ते तिथे वाचलं गेलं.

हे वाचन अवघड आहे, कारण देवदार काही दाखवत नाही. पाणी तुटलं की साग पानं टाकतो. देवदार मात्र सुया धरून ठेवतो. वाढ खुंटली तरी रान हिरवंगार दिसतं. हल्ली हरितद्रव्यातून बाहेर पडणारी अतिशय मंद लाल चमक मोजतात. पानाचा रंग तसाच असतानाही अन्न तयार करण्याचं काम मंदावलं, तर ती चमक बदलते. त्यातून आजचा ताण कळतो. मागच्या शतकांचा ताण कळायचा तर खोडातच शिरावं लागतं.

त्यासाठी छातीच्या उंचीवर पोकळ गिरमिट फिरवतात. पेन्सिलीहून बारीक कांडी निघते, झाड जगतं. कांडी लाकडी पट्टीला चिकटवून गुळगुळीत घासली की सूक्ष्मदर्शकाखाली वलयं दिसतात: हंगामाच्या सुरुवातीचं फिकट लाकूड, शेवटचं गडद. फार कोरड्या वर्षी वलय कधी कधी खोडाच्या एका बाजूला उमटतच नाही. म्हणून नुसतं मोजून भागत नाही. अनेक झाडांतला अरुंद-रुंद क्रम एकमेकांशी जुळवून प्रत्येक वलयाला त्याचं साल द्यावं लागतं. या कामाची सगळी विश्वासार्हता त्या चिकाटीच्या जुळवणीत आहे.

पाषाणच्या संस्थेतल्या जी. बी. पंत, के. रूपाकुमार आणि एच. पी. बोरगावकर यांनी पश्चिम हिमालयातल्या देवदारावर असं काम केलं. पावसाळ्यापूर्वीचे, मार्च ते मेचे कोरडे आणि तापलेले महिने त्याची वाढ रोखतात, असं दिसलं. बोरगावकर यांच्या गटाच्या २०११च्या अभ्यासात उलटी गोष्ट पुढे आली. किन्नौर आणि गंगोत्रीच्या हिमनद्यांजवळच्या सूचीपर्णींची वलयं अलीकडच्या दशकांत रुंदावली होती. ती वाढ सुखाची मानायला मी तयार नाही. तिच्यामागे तापलेली हवा आहे.

याच गटानं केरळातल्या सागातून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची नोंद उभी केली. एल निनोशी जोडलेले दुष्काळ त्यात अरुंद वलयांनी उमटले आहेत. साग आपल्या पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यातही आहे. वादळात एखादा जुना वृक्ष उन्मळला, तर ओंडके हलवण्याआधी त्याची एक जाड चकती कापून, जागा आणि तारीख लिहून पाषाणला पाठवावी.